धसका घेतलेला माणूस वकिलासमोर कसा बोलतो?

एडवण, कोरे, दातिवरे, मथाणे, उसरणी या आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत लोक डॉक्टरकडे फक्त ताप-खोकला घेऊन येत नाहीत, कोर्टाचे कागदही घेऊन येतात. कुणाला अपघाताच्या केससाठी सर्टिफिकेट हवं असतं, तर कुणाला तारखेला हजर राहता आलं नाही म्हणून आजारपणाचा दाखला.

या दाखला मागणाऱ्यांत एक प्रकार मी वर्षानुवर्षं बघतोय. तारखेच्या आदल्या रात्री झोप नाही. सकाळी पोट बिघडतं, छातीत धडधडतं, बीपी वाढलेलं असतं. कार्डिओग्राम काढावा तर तो नॉर्मल. तारीख टळली की दुपारपर्यंत माणूस जेवायला लागतो. घरचे म्हणतात, "नाटकं करतो." वकील म्हणतात, "पक्षकार सहकार्य करत नाही." तपासल्यावर माझ्यासमोर जे दिसतं त्यात नाटक नसतं. नाडी 120ला गेलेली असते, आणि नाडीला अभिनय येत नाही.

आजचा लेख त्याबद्दल आहे. तो पेशंटसाठी तर आहेच, पण आमच्या वकील मित्रांनी वाचला तर मला जास्त बरं वाटेल.

आधी शब्दाचं बघू. आम्ही डॉक्टर 'ट्रॉमा' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा शरीराला झालेली इजा म्हणायचं असतं. हायवेवरची 'ट्रॉमा सेंटरं' त्या अर्थाची. मनाच्या आघातालाही हाच शब्द वापरतात, आणि तिथे घोटाळा होतो, कारण मनाच्या जखमेला टाका दिसत नाही. मराठीला मात्र ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपण म्हणतो, त्याने धसका घेतला, तिने हाय खाल्ली, त्याची दातखीळ बसली, वाचा बसली, हातपाय गळाले, पाय जमिनीला खिळले. यातला एकेक शब्द म्हणजे शरीरात घडणाऱ्या खऱ्या गोष्टीचं वर्णन आहे. आजी ओसरीवर बसून हे शब्द वापरते तेव्हा सगळ्यांना पटतं. तेच कोर्टात कुणी म्हणालं की "मला ओरडताच आलं नाही", तर पुढचा प्रश्न येतो, "का नाही ओरडलात?"

शरीरात काय होतं ते सांगतो. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. त्याला तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्याचा भोंगा समजा. धोका दिसला की तो आधी वाजतो, विचार नंतर. त्याच्या शेजारी हिपोकॅम्पस असतो, तो टाइम ऑफिसमधला कारकून. कोण कधी आलं, आधी काय झालं, नंतर काय झालं, कुठे झालं, हे सगळं तारीखवार नोंदवायचं काम त्याचं. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग म्हणजे मॅनेजर, जो विचार करून निर्णय घेतो. भोंगा जोरात वाजला की अॅड्रेनलिन, नॉरअॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल यांचा पूर येतो. मॅनेजरचं कुणी ऐकत नाही आणि कारकुनाची नोंद विस्कटते. भोंग्याजवळचं मात्र सगळं कायमचं कोरलं जातं: वास, आवाज, एखादा रंग, समोरच्याच्या हातातली वस्तू. म्हणून अशा माणसाला वर्षांनंतरही रॉकेलचा वास जसाच्या तसा आठवतो, पण तो वार मंगळवार होता की बुधवार, हे सांगता येत नाही. कोर्टाला नेमका मंगळवार की बुधवार हवा असतो.

दुसरी गोष्ट गोठण्याची. धोका आला की प्राणी लढतो किंवा पळतो, हे शाळेत शिकवतात. तिसरा मार्ग फारसा शिकवत नाहीत. लढणं आणि पळणं दोन्ही अशक्य असेल तर शरीर स्वतःहून ताठरतं, आवाज निघत नाही, हातपाय हलत नाहीत. माणूस शुद्धीवर असतो, सगळं बघत असतो, पण हलू शकत नाही. मांजराने धरलेला उंदीर निपचित पडतो ते तुम्ही पाहिलं असेल. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे 70 टक्के स्त्रियांनी अशी गोठण्याची लक्षणं ठळकपणे सांगितली होती. म्हणजे प्रतिकार न होणं हा अपवाद नाही, बऱ्याच जणींच्या बाबतीत तेच घडतं.

हे माहीत नसलं की काय होतं, याचं आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण सगळ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवलं जातं. 26 मार्च 1972. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता गडचिरोलीत असलेलं देसाईगंज. अनाथ, मोलमजुरी करणारी एक आदिवासी मुलगी, डॉक्टरांच्या अंदाजाने 14 ते 16 वर्षांची. भावाने केलेल्या तक्रारीवरून तिला रात्री पोलीस ठाण्यात बोलावलं गेलं. जबाब झाल्यावर बाकीच्यांना जायला सांगून तिला थांबवून घेतलं, आणि ठाण्याच्या आवारातच एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला, अशी फिर्याद होती. हेच ते मथुरा प्रकरण. 1974 साली सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं आणि मुलीलाच खोटारडी ठरवलं. 1976 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा खंडपीठाचा मुद्दा होता. 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, झटापटीच्या खुणा नाहीत, आरडाओरड केल्याचं विश्वासार्ह वाटत नाही, असा सूर होता.

डॉक्टर म्हणून मी हे वाचतो तेव्हा माझ्यासमोर एक चित्र येतं. रात्रीचं पोलीस ठाणं, दार बंद, समोर वर्दी, आणि 14-15 वर्षांची एकटी पोर. या परिस्थितीत शरीर काय करेल असं तुम्हाला वाटतं? वाचा बसेल, हातपाय गळतील. ज्या शांतपणाला संमती मानलं गेलं तो शांतपणा भीतीचं लक्षण असू शकतो, हे त्या खटल्यात कुणी डॉक्टराने समजावून सांगितलं असतं तर? त्या काळात ते सोपं नव्हतं हेही खरं. 'पीटीएसडी' म्हणजे आघातानंतरचा मानसिक आजार हे नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत आलं ते 1980 साली, व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांचा प्रश्न पुढे आल्यावर.

पण वकिलांनी हे ओळखलं, आणि वेळेत ओळखलं, हेही सांगायला हवं. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले. 1983 साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, अशी तरतूद आली. चार शिक्षकांच्या एका पत्राने सुरू झालेलं काम.

आम्हा डॉक्टरांची पाटीही कोरी नाही. 'हिला सवय आहे' असा शेरा कोर्टापर्यंत पोचायचा तो आमच्याच लोकांनी केलेल्या त्या कुप्रसिद्ध दोन बोटांच्या तपासणीतून. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ती चुकीची ठरवली, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा बजावावं लागलं की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी मानला जाईल. नऊ वर्षांनी पुन्हा सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

इथे कुणाला वाटेल की धसका म्हणजे फक्त बलात्काराच्या खटल्यांचा विषय. तसं नाही. आमच्या भागात तर मुळीच नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात स्फोट आणि वायुगळती हे शब्द पोरांनाही पाठ आहेत. मार्च 2018 चा रात्रीचा स्फोट, 11 जानेवारी 2020 चा शनिवारी संध्याकाळचा स्फोट, ज्यात आठ माणसं गेली, ही ठळक आठवणारी नावं. शिवाय नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा कुटुंबंच्या कुटुंबं थंडीत घराबाहेर तंबूत झोपली. रेल्वे अपघात, हायवेवरचे अपघात, समुद्रात बुडालेली माणसं, घरातली मारहाण. यातल्या प्रत्येकाच्या मागे कधी ना कधी वकीलपत्र येतं.

एका कामगाराची गोष्ट सांगतो. तो ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत, मुद्दा तोच ठेवला आहे.

तो एका रासायनिक कारखान्यात होता. स्फोटात हात भाजला, कानाला इजा झाली. जखमेचं ड्रेसिंग माझ्याकडे चालायचं. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली दावा लावला होता, केस ठाण्याला. एके दिवशी त्याच्या वकिलांचा फोन आला. चांगला, कष्टाळू तरुण वकील. म्हणाले, "डॉक्टर, तुमचा पेशंट मला गोत्यात आणणार. पोलिसांना सांगितलं एक स्फोट झाला. मला म्हणाला दोन झाले. परवा पुन्हा म्हणतो एकच. समोरचा वकील याला फाडून खाईल. आणि ऑफिसला बोलावलं तर येत नाही, तीनदा वेळ दिली."

ऑफिस कुठे होतं, तर बोईसरला. तिथे जायचं म्हणजे औद्योगिक पट्ट्याच्या वाऱ्यात जायचं. ज्यांचं नाक धडधाकट आहे त्यांना तो वास कळतो आणि ते विसरून जातात. या माणसाला तो वास आला की घाम फुटायचा. दोनदा तो स्टेशनवर उतरून परतीच्या गाडीने घरी आला होता. बायकोने मला सांगितलं. त्याने वकिलांना सांगितलं नव्हतं, कारण चाळिशीतल्या पुरुषाने "मला वासाची भीती वाटते" हे कसं सांगायचं?

याला आम्ही टाळणं म्हणतो. पीटीएसडीच्या मुख्य लक्षणांपैकी ते एक आहे. आठवण करून देणारी जागा, माणूस, वास, कागद, सगळं टाळायचं. आणि वकिलाचं ऑफिस म्हणजे तर आठवणींचंच दुकान. बाकीची लक्षणं म्हणजे प्रसंग डोळ्यासमोर पुन्हा घडणं, वाईट स्वप्नं, सतत दचकणं, चिडचिड, मन बधिर होणं. ही महिनाभराहून जास्त टिकली आणि रोजचं जगणं अडू लागलं तर आजार म्हणून तपासायला हवं. धसका घेतलेल्या प्रत्येकाला पीटीएसडी होतो असं नाही. बहुतेक जण काही आठवड्यांत हळूहळू सावरतात.

मी वकिलांना दोन गोष्टी सुचवल्या. एक, भेट सफाळ्याला ठेवा. दुसरी, त्याला "आधी काय झालं, मग काय झालं" असं विचारूच नका. कागद द्या आणि प्लांटचा नकाशा काढायला सांगा. वकील थोडे साशंक होते, पण तयार झाले.

त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. रिअॅक्टर कुठे, जिना कुठे, ड्रम कुठे, कोण कुठे उभं होतं. मग स्वतःची जागा दाखवली आणि बोलू लागला. पत्रा फाटल्यासारखा आवाज. मग शांतता, एकदम शांतता. मग पायाखालची फरशी हलली आणि भिंत आली. वकिलांनी विचारलं, "फरशी हलली तेव्हा आवाज?" तो म्हणाला, "आवाज नव्हता. कायच ऐकू येत नव्हतं."

पहिल्या स्फोटाने त्याच्या कानाचा पडदा फाटला होता. दुसरा स्फोट त्याने कानाने ऐकलाच नव्हता, पायाने अनुभवला होता. म्हणून कधी तो एक म्हणायचा, कधी दोन. दोन्ही खरं होतं. कानाच्या डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये पडदा फाटल्याची नोंद पहिल्या दिवसापासून होती, पण तो कागद भाजल्याच्या कागदांखाली पडला होता. ज्या विसंगतीने केस पडली असती तीच आता वैद्यकीय पुराव्याशी जुळत होती. पुढे उलटतपासणीत अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला, आणि त्याने सांगितलं: ऐकला एक, झाले दोन.

यात चमत्कार काही नाही. एका वकिलाने प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली, एवढंच.

कायदा या बाबतीत आपण समजतो तितका आडमुठा नाही. 1983 साली गुजरातमधल्या भोगिनभाई हिरजीभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं होतं की साक्षीदाराकडे फोटोसारखी स्मृती असेल अशी अपेक्षा करता येत नाही, प्रसंग त्याच्यावर अचानक कोसळलेला असतो, आणि किरकोळ तफावतीला अवास्तव महत्त्व देऊ नये. 2012 च्या पॉक्सो कायद्यात तर मुलाला वकिलाने थेट प्रश्न विचारायचेच नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारायचे, मधे मधे विश्रांती द्यायची, पुन्हा पुन्हा कोर्टात बोलवायचं नाही, आक्रमक प्रश्न किंवा चारित्र्यहनन होऊ द्यायचं नाही, हे लिहून ठेवलंय. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी साक्षकेंद्रं उभारायला सांगितलं. जानेवारी 2022 मध्ये, तेही महाराष्ट्राच्याच प्रकरणात, असुरक्षित साक्षीदार म्हणजे फक्त लहान मूल नाही, लैंगिक अत्याचाराला बळी पडलेली कोणत्याही वयाची व्यक्ती, मानसिक आजार असलेली व्यक्ती यांनाही ते संरक्षण हवं, असं सांगितलं. ऑगस्ट 2023 मध्ये न्यायाधीश आणि वकिलांसाठी काढलेल्या पुस्तिकेतही आहे की आघाताला प्रत्येक माणूस वेगवेगळा प्रतिसाद देतो. कागदावर बरंच काही आलंय. ते तालुक्याच्या कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा पिताना पक्षकाराशी बोलणाऱ्या वकिलापर्यंत पोचायचंय.

रडण्याबद्दल एक सांगतो, कारण यात वकील फार फसतात. मारहाणीच्या केसमधली एक बाई वकिलांकडे गेली आणि नवऱ्याने काय केलं ते हसत हसत सांगितलं. वकिलांना वाटलं, हिला एवढं काही झालेलं नाही. तीच बाई माझ्याकडे अर्धशिशी म्हणून यायची, तेव्हाही हसायची. अशा हसण्यामागे बहुतेकदा बधिरपणा असतो. दुःख एवढं झालंय की मनाने बटण बंद केलंय. दुसरी एखादी ढसाढसा रडेल, तिसरी चिडून वकिलालाच बोलेल. कोण खरं आणि कोण खोटं, हे चेहऱ्यावरून ओळखता येतं असं जो म्हणतो तो मला फार धोकादायक वाटतो, मग तो वकील असो, पोलीस असो की डॉक्टर.

उलट बाजूही लिहायला हवी. धसका आहे म्हणजे माणूस खरंच बोलतोय असं सिद्ध होत नाही. विसंगती हा सत्याचा पुरावा नाही, तसा तो असत्याचाही नाही. उलटतपासणी हा आरोपीचा हक्क आहे आणि तो राहिलाच पाहिजे. आणि धसका फक्त फिर्यादीच्या बाजूला असतो असंही नाही. आमच्या पाड्यांवरचा एखादा गरीब आरोपी चौकीत प्रत्येक प्रश्नाला "हो साहेब" म्हणतो, कारण लहानपणापासून वर्दीसमोर "हो साहेब" म्हणाल्यावरच सुटका झालेली असते. त्याच्या वकिलाने हे ओळखलं नाही, तर तो स्वतःच्या वकिलालाही "हो साहेब" म्हणेल आणि वकिलाला खरी हकीकत कधीच कळणार नाही.

मग वकिलाने करायचं काय? वकिलाने समुपदेशक व्हावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. तेवढा वेळ त्यांच्याकडे नाही आणि ते त्यांचं काम नाही. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. पक्षकाराला दाराकडे तोंड करून बसू द्या, दार त्याच्या पाठीशी नको. आज काय विचारणार आणि किती वेळ लागेल ते आधी सांगा. सुरुवात त्याला जिथून करावीशी वाटते तिथून करू द्या, क्रम तुम्ही नंतर लावा. "का" ने सुरू होणारे प्रश्न टाळा. "का पळाला नाहीत?" यात आरोप असतो, "त्या वेळी शरीराला काय जाणवत होतं?" यात नसतो. वास, आवाज, स्पर्श विचारा, कारण तिथेच खरी नोंद असते. समोरचा मधेच एकटक बघू लागला, बोलायचा थांबला, तर धक्का देऊन पुढे ढकलू नका. पाणी द्या, आज कोणता वार आहे, बाहेर पाऊस आहे का, असं काहीतरी आजचं बोला. बहुतेक जण दोन मिनिटांत परत येतात. आणि भेट संपताना सगळ्यात वाईट प्रसंगावर संपवू नका. पुढची तारीख, कागद, गाडीची वेळ अशा साध्या गोष्टींवर संपवा. तारीख तोंडी सांगू नका, लिहून द्या, कारण अशा माणसाची रोजची स्मरणशक्तीही कमी झालेली असते.

एक गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली पाहिजे असं मला फार वाटतं. पक्षकाराने वकिलाला सल्ल्यासाठी सांगितलेलं गुपित राहतं, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. डॉक्टरचं तसं नाही. आम्हीही गुप्तता पाळतो, पण न्यायालयाने साक्षीला बोलावलं तर आम्हाला उत्तर द्यावं लागतं. लोकांना हे उलटं वाटतं. ते मला सगळं सांगतात आणि वकिलापासून लपवतात.

आणि वकिलांचं स्वतःचं? रोज दुसऱ्याच्या जखमा ऐकणाऱ्याच्या मनावरही ओरखडे उठतात. पालघरचे एक ज्येष्ठ वकील माझ्याकडे झोपेच्या गोळ्या मागायला आले होते. बोलता बोलता कळलं की एका लहान मुलीच्या केसचे फोटो त्यांना रात्री दिसतात. मी त्यांना गोळ्या दिल्या नाहीत, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. ते गेले. आता बरे आहेत, आणि अशा केसेस अजूनही घेतात.

आता पेशंटसाठी. धसक्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. आघातावर लक्ष ठेवून दिलेली बोलण्याची उपचारपद्धती आणि गरज पडली तर औषधं, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतात. "केस संपली की बरं होईल" म्हणून थांबू नका, केस चालायला वर्षं लागतात. उपचार घेतले तर केस कमकुवत होते, वेडा ठरवतील, अशी भीती बरेच जण बोलून दाखवतात. उलट, वेळेवर घेतलेल्या उपचारांचे कागद हा पुरावा असतो. भगताकडे जायचं असेल तर जा, मी भांडत नाही, पण गोळ्या बंद करून जाऊ नका.

मन मोकळं करायला सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, नंबर 14416, मराठीत बोलता येतं. वकील परवडत नसेल तर 15100 या नंबरवर विधी सेवेची मदत मिळते. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले, यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ला यांत सापडलेल्यांसाठी राज्यात 2 ऑक्टोबर 2013 पासून मनोधैर्य योजना आहे.

वकिलांकडे पहिल्यांदा जाताना सगळे वैद्यकीय कागद तारखेप्रमाणे लावून न्या, कानाचा किंवा डोळ्याचा वेगळा रिपोर्ट असेल तर तो वर ठेवा. जे आठवतं ते घरी आधीच कागदावर लिहा, क्रम चुकला तरी चालेल, आठवत नाही तिथे "आठवत नाही" असंच लिहा. एखादी जागा, वास किंवा आवाज सहन होत नसेल तर ते वकिलांना स्पष्ट सांगा, जमत नसेल तर माझ्याकडून दोन ओळींची चिठ्ठी घेऊन जा. सोबत घरचं कुणीतरी असू द्या, आणि सफाळ्याला परत यायची गाडी किती वाजताची आहे ते बसल्याबसल्याच वकिलांना सांगून ठेवा.